मेल 'सेंट' झाला म्हणजे पोचला का? ईमेल मधल्या मध्ये गायब का होतात, समजून घ्या

पांढरकवड्याहून यवतमाळला किंवा नागपूरला एका कागदासाठी चकरा मारण्यापेक्षा मेल करणं सोपं. नोकरीचा बायोडाटा, कॉलेजची चौकशी, विम्याची तक्रार, एखाद्या कार्यालयाला पाठवलेला अर्ज, सगळं आता मेलवर जातं. आपल्याला 'सेंट' दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. उत्तर आलं नाही की वाटतं, समोरच्यानं दुर्लक्ष केलं.

पण कदाचित समोरच्याला तो मेल दिसलाच नसेल. मधल्या कंपनीनं तो अडवला असेल आणि तुम्हालाही कळवलं नसेल, त्यालाही नाही.

'सेंट' म्हणजे नेमकं काय?

'सेंट' याचा अर्थ एवढाच, की मेल तुमच्या बाजूनं निघाला. पुढे तो समोरच्याच्या ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथे त्याचं चारपैकी काहीतरी एक होतं.

१. इनबॉक्समध्ये जातो.
२. दारातूनच परत पाठवला जातो. अशा वेळी तुम्हाला 'डिलिव्हरी फेल्ड' असा मेल येतो. याला बाउन्स म्हणतात.
३. स्पॅममध्ये पडतो. तुम्हाला काहीच कळत नाही. जीमेलमध्ये स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप डिलीट होतात.
४. सर्व्हर मेल घेतो, पण कुठेच दाखवत नाही. ऑफिसच्या मेलमध्ये असे संशयित मेल बऱ्याचदा वेगळे अडकवून ठेवतात. ते फक्त तिथल्या आयटी विभागाला दिसतात.

पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर एकच गोष्ट दिसते: 'सेंट'. खरा घोळ इथेच आहे.

फिल्टर कशावरून ठरवतं?

आधी फिल्टर का लागतं ते बघू. गुगलच्या म्हणण्यानुसार जीमेल रोज सुमारे १,५०० कोटी नको असलेले मेल अडवतं. हे फिल्टर नसतं तर लॉटरी आणि केवायसीच्या फसव्या मेलमध्ये कामाचा मेल सापडलाच नसता.

मजकुराआधी फिल्टर पाठवणाऱ्याची ओळख तपासतं. यासाठी तीन तांत्रिक तपासण्या असतात. एसपीएफ सांगतं, की या डोमेनच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. आणि यात गडबड आढळली तर त्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं घाऊक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. जीमेलसाठी दिवसाला ५,००० मेलची मर्यादा धरली आहे. शिवाय स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनंही आउटलुकसाठी असेच नियम आणले.

मोठ्या कंपन्या हे सांभाळतात. पण एखाद्या शाळेनं, पतसंस्थेनं किंवा लहान दुकानानं स्वतःची वेबसाइट करून घेतली आणि या सेटिंग तशाच राहिल्या, तर त्यांचे साधे मेलही संशयित ठरू शकतात. सर्व्हर इतर अनेकांसोबत वाटून घेतलेला असेल तर शेजाऱ्याच्या स्पॅमचा डागही तुमच्यावर येतो.

अडवलं तर कळवत का नाहीत?

ईमेलचे स्वतःचे तांत्रिक नियम आहेत. २००८ सालचा 'आरएफसी ५३२१' हा दस्तऐवज सांगतो, की सर्व्हरनं एकदा मेल स्वीकारला की तो पोचवण्याची जबाबदारी त्याची. पोचवता आला नाही तर पाठवणाऱ्याला कळवायचं. गुपचूप टाकून देणं फक्त तेव्हाच, जेव्हा मेल गंभीर फसवणुकीचा किंवा अयोग्य असल्याची जवळजवळ खात्री असेल.

कंपन्यांचीही बाजू आहे. स्पॅम पाठवणारे बहुतेक वेळा दुसऱ्याचाच पत्ता टाकतात. प्रत्येक स्पॅमला 'तुमचा मेल अडवला' असं उत्तर दिलं, तर ते भलत्याच माणसाला जाईल. शिवाय काय अडवलं आणि का, हे सांगितलं की स्पॅमवाला पळवाट शोधतो. पण या गुप्ततेची किंमत प्रामाणिक माणूसही मोजतो.

याआधी असं झालंय का?

एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेत एओएलच्या पैसे घेऊन मेल पोचवण्याच्या योजनेविरुद्ध मोहीम सुरू होती. त्या मोहिमेच्या वेबसाइटची लिंक असलेले मेल एओएलच्या ग्राहकांना पोचेनासे झाले. गवगवा झाल्यावर कंपनीनं तांत्रिक बिघाडाचं कारण दिलं आणि अडथळा काढला.

भारतात हाच अनुभव एसएमएसच्या बाबतीत आला. ८ मार्च २०२१ ला मोबाइल कंपन्यांनी नव्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत मजकुराशी न जुळणारे व्यावसायिक एसएमएस अडवायला सुरुवात केली. बँकांचे ओटीपी अडकले, कोविन नोंदणीचेही. लोक फोनकडे बघत बसले. दुसऱ्याच दिवशी ट्रायनं ही छाननी सात दिवसांसाठी थांबवली.

एक मेल नाही, अख्खी मेलबॉक्सच बंद!

मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीचं प्रकरण याच्याही पुढचं. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा आहे. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघानं नायरावर निर्बंध लावले. २२ जुलैला मायक्रोसॉफ्टनं तिच्या आउटलुक आणि टीम्स सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असताना, पूर्वसूचना न देता हे केलं, असं नायराचं म्हणणं होतं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्या महिन्याच्या अखेरीस सेवा पूर्ववत झाल्या.

एवढ्या मोठ्या कंपनीला कोर्टात जाता आलं. तुमचा-आमचा एक अडकलेला मेल घेऊन कोण जाणार?

कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ इथे महत्त्वाचं आहे. दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल आणि तुम्ही मेल घेण्यासाठी एखादा पत्ता ठरवून दिला असेल, तर मेल त्या यंत्रणेत शिरला की तो 'मिळाला' असं धरलं जातं. इनबॉक्स की स्पॅम, असा भेद या कलमात नाही.

म्हणजे फॉर्मवर तुम्ही दिलेल्या पत्त्यावर आलेली नोटीस स्पॅममध्ये पडली, तरी 'मला दिसलीच नाही' हे सांगणं अवघड होऊ शकतं.

मग करायचं काय?

मेल येणार असेल तर:
• आठवड्यातून एकदा तरी स्पॅम उघडून बघा. कामाचा मेल दिसला तर 'नॉट स्पॅम' करा.
• कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये शोधताना सर्चच्या पर्यायांत 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडा. साध्या शोधात स्पॅममधले मेल येत नाहीत.
• ज्यांचा मेल अपेक्षित आहे, त्यांचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये टाका.
• प्रवेश, भरती किंवा कराचं काम असेल तर मेलची वाट बघत बसू नका. त्या पोर्टलवर लॉगिन करून तपासा.
• स्पॅममधला प्रत्येक मेल खरा नसतो. त्यातल्या लिंकवर क्लिक करण्याआधी पत्ता नीट वाचा.

मेल पाठवणार असाल तर:
• विषय स्पष्ट लिहा. छोट्या केलेल्या लिंक आणि झिप फाइल टाळा.
• शेवटी 'मेल मिळाल्याचं कृपया कळवावं' अशी ओळ टाका.
• दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा.
• मुदतीचं काम असेल तर अर्ज स्पीड पोस्टनंही पाठवा, किंवा कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्या.

तहसीलमध्ये अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय आपण निघत नाही. मेलला तो शिक्का नसतो. 'सेंट' ही पोचपावती नाही, ती मागूनच घ्यावी लागते.