अक्षरापासून अर्थापर्यंत

दख्खनच्या शेतकऱ्याला सावकारी पाशांतून सोडविण्यासाठीं १८७९ सालीं झालेला कायदा पुणें, सोलापूर, अहमदनगर आणि सातारा या जिल्ह्यांना लागू होता. सांगली जिल्हा तेव्हां अस्तित्वांत नव्हता. तासगांव, वाळवें हे तालुके साताऱ्यांतच मोडत. कुणब्याचा रोखा ग्राम-निबंधकापुढें व्हावा व त्याला तो वाचून दाखवावा, असें त्या कायद्यांत होतें. तरतूद दयाबुद्धीची खरी. पण वाचणारा दुसराच, आणि अंगठा कुणब्याचा!

असे कागद बहुधा मोडींत असत. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ पाळीत नाहींत, शब्दाशब्दांत जागाहि सोडीत नाहींत. शब्द कोठें तुटतो हें अर्थावरूनच ताडावें लागतें. म्हणजे नुसतीं अक्षरें ओळखून ओळ सुटत नाहीं. रोख्याची भाषा कानावरून गेलेली असावी लागते. बाळबोध लिपि त्या मानानें सोपी. तरी श्रोत्यांनीं ‘किती’ हा शब्द लिहून पाहावा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं लिहावयाची आणि उच्चारावयाची मागून. दुसरी मात्र मागूनच. डोळ्याची व जिभेची चाल एक नव्हे, हें पंतोजीच्या शाळेंतील पोराला कोणी सांगत नसे. धुळपाटीवर मुळाक्षरें, मग बाराखडी, मग घोकंपट्टी. अर्थाची भेट फार उशिरां.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें स्थापिलेली रयत शिक्षण संस्था १९२४ सालीं साताऱ्यास आली. १९३५ सालीं तिनें सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढून खेड्यांसाठीं शिक्षक तयार करण्यास आरंभ केला. मुलाची बोली जाणणारा शिक्षक भेटला, तर कागदावरचा शब्द पोराला परका वाटत नाहीं. या कॉलेजाचें मोठेपण इमारतीपेक्षां यांत अधिक शोधावें.

१९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत प्रौढांसाठीं ग्रामशिक्षण मोहीम निघाली व पुढें राज्यभर पसरली. गांव साक्षर झाला कीं ग्रामगौरव समारंभ होई. प्रौढाला विहीर, नांगर, बैल हे शब्द शिकवावे लागत नाहींत. तोंडांतले शब्द डोळ्यांनीं ओळखावयाचे, इतकेंच. म्हणून थोड्या महिन्यांत अक्षरें येत. परंतु एकेक अक्षर लावीत जाणाराला ओळीच्या शेवटीं आरंभ आठवत नाहीं. सबंध शब्द एका दृष्टीक्षेपांत टिपण्यास सराव लागतो, आणि सरावाला पुस्तक. तें पुष्कळ गांवीं पोंचलेंच नाहीं. अनेकांची सही तेवढी उरली. सातबाऱ्याचा उतारा पुन्हां दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावा लागला.