नावाविना चेहरे

गेल्या नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या सुमारास, भुसावळातील एका जुन्या रेल्वे कुटुंबात प्रार्थनेसाठी गेलो होतो. भिंतीवर खाकी गणवेशातील तरुणाची तसबीर होती. मिस्सासाठी नाव टिपून घ्यावे म्हणून विचारले, तर आजी म्हणाल्या, "फादर, दुसऱ्या लढाईला माझे दोन्ही चुलतसासरे गेले होते. हे थोरले की धाकटे, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही." तसबीर उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

त्या कोऱ्या पाठीने मला इंटरनेटवरील युद्धकालीन छायाचित्रांकडे वळवले. शोध दुसऱ्या महायुद्धाचा होता, पण थबकलो पहिल्यापाशी. १९१५ साली गर्डवूड या छायाचित्रकाराने फ्रान्समधील हिंदी फौजेची टिपलेली छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात. (त्यांतील काही लढाईची दृश्ये मुद्दाम घडवून घेतलेली आहेत, तेव्हा डोळे उघडे ठेवूनच पाहावीत.) लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातील एका छायाचित्रावरून मात्र माझी नजर हलेना.

पुण्याची सहावी डिव्हिजन त्या युद्धात मेसोपोटेमियात लढत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिला कुत-अल-अमारा येथे वेढले. धान्य आटले, घोडे कापले गेले. अनेक हिंदी शिपायांनी धर्मभावनेने ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि ते खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शस्त्रे खाली ठेवली. मी म्हणतो ते छायाचित्र या वेढ्यातून वाचलेल्या एका हिंदी शिपायाचे आहे. देहाचा नुसता सापळा उरलेला. खालच्या ओळीत वेढ्याचे नाव आहे, त्याचे नाही.

दगडानेही तोच भेद केला. बसरा येथील युद्धस्मारकाच्या फलकांवर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीगणिक केवळ आकडा. त्यांची नावे वह्यांत राहिली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात, आणि पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव, गाव व जिल्हाही सापडतो. चेहरे एका संग्रहात, नावे दुसऱ्या. मधला दुवा तेवढा हरवलेला.

आपल्या भागातील शोधकाने एक ध्यानात घ्यावे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव पूर्वेत, धुळे पश्चिमेत. नंदुरबार जिल्हा तर १९९८ चा. म्हणून जुन्या कागदांत 'ईस्ट खानदेश', 'वेस्ट खानदेश' शोधावे, आणि धुळ्यासाठी 'धुलिया'. गावांच्या व माणसांच्या नावांचे तर विचारूच नका. कारकुनाच्या कानाला पटले ते कागदावर उतरले. तसबिरीत खांद्यावरचा किंवा टोपीवरचा बिल्ला आधी पाहावा. त्यावरून पलटण कळू शकते, पलटणीवरून रणभूमी, आणि मग यादी हाताशी येते.

भुसावळची ती तसबीर मी भिंगाखाली धरली. बिल्ल्यावरचे पहिले अक्षर 'आर' आहे, पुढची पुसट झाली आहेत. त्या दिवशीच्या मिस्सात दोन्ही भावांची नावे वाचली.