हिवतापाच्या परजीवीतील वाटणी

शिरूर अनंतपाळसह सारा मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परजीवी आढळला. या एकपेशीय जीवाची विभाजनाची रीत विलक्षण आहे.

सामान्य पेशी एकीच्या दोन होतात. ‘प्लाझमोडियम फाल्सिपेरम’ मात्र तांबड्या रक्तपेशीत शिरून आधी नुसती केंद्रके वाढवतो आणि सुमारे ४८ तासांनी रक्तपेशी फोडून साधारणतः १६ ते ३२ कन्यापेशी एकदम बाहेर पडतात. रुग्णाला हुडहुडी भरते ती याच सुमारास.

अडचण अशी, की या परजीवीकडे तंतुकणिका एकच आणि प्राचीन शैवालापासून आलेले ‘एपिकोप्लास्ट’ हे लवकही एकच. वाटणी चुकली, तर वंश बुडालाच! म्हणून ही दोन्ही अंगके आधी फांद्यांसारखी पसरतात व अखेरच्या काही तासांत तुटून प्रत्येक कन्यापेशीच्या वाट्याला एकेक येतात. आधी लवक, मग तंतुकणिका. या लवकात प्रकाशसंश्लेषण होत नाही; परंतु परजीवीला अत्यावश्यक अशी काही रसायने तेथेच घडतात.

डॉक्सिसायक्लिन हे औषध लवकातील प्रथिननिर्मिती रोखते. तरीही औषधाच्या माऱ्यात सापडलेली पिढी कन्यापेशींना जन्म देते. मरते ती बिघडलेले लवक वारशाने मिळालेली पुढची पिढी. या विलंबामुळेच उपचारात हे औषध एकटे न देता शीघ्र गुणकारी औषधाच्या जोडीने दिले जाते.