श्वानसाह्य मृगया आणि कायदा

पालघर व जव्हारच्या डोंगरपट्ट्यात, तसेच बोईसर-तारापूरच्या पूर्वेकडील रानांत, हाकारे घालून व कुत्री सोडून सावज गाठण्याचा जो रिवाज वारली भित्तिचित्रांतही उमटलेला आढळतो, त्यावर सरकारचा अंमल आला तो वनखात्याच्या मार्गाने. १८७८ व १९२७ च्या वन अधिनियमांनी राखीव जंगलातील नियमबाह्य शिकार हा गुन्हा ठरविला.

कुत्र्यांचा नामनिर्देश मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या १७ व्या कलमात झाला. पाणपक्षी, चकोर, तित्तिर व लावा एवढे वगळून कोणत्याही वन्य प्राण्याची श्वानसाह्याने शिकार करण्यास परवानेदारालाही मनाई झाली. सांबर-चितळादी ‘मोठ्या शिकारी’साठी तर, खास मुभा नसेल तेथे, केवळ रायफलच ग्राह्य ठरली. नेम धरणारा शिकारी गाभण मादीला सोडून देऊ शकतो, पण मागावर सुटलेल्या कुत्र्यांना तो विवेक नसतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या तरतुदीचे औचित्य पटते.

१९९१ च्या दुरुस्तीने हे कलमच गळाले. कारण परवान्याची शिकारच संपुष्टात आली, आणि मनुष्याच्या जीवितास वा पिकास उपद्रव देणाऱ्या प्राण्यांसारखे मोजके अपवाद तेवढे अधिकाऱ्यांच्या लेखी हुकुमावर उरले.