नाव वरच्याचे, मुळे रायवळची

कलम हा शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आला. मूळ अर्थ बोरूची लेखणी. मराठीत कायद्याचेही कलम असते. पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात कलम म्हटले की लेखणी किंवा कायदा आठवत नाही, आंबा आठवतो. 'त्याची दोनशे कलमे आहेत' एवढे म्हटले की तो माणूस हापूसचा बागायतदार आहे हे ऐकणाऱ्याला कळते. बोरू जसा तिरका छाटतात तशीच झाडाची काडीही तिरकी छाटून दुसऱ्या झाडावर बसवतात. हा शब्द लेखणीवरून बागेत शिरला त्यात नवल नाही.

कलमाची गरज का पडते? आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या संकरातून आलेला असतो. त्यामुळे हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही. जे येते ते त्या झाडाचे स्वतःचे, नवे फळ. कोयीपासून वाढलेल्या अशा झाडांना आपण रायवळ म्हणतो. आवडलेले फळ तसेच्या तसे हवे असेल तर त्या झाडाची काडीच दुसऱ्या रोपावर जोडावी लागते. म्हणजे आज कोकणात हापूसची जी लाखो कलमे उभी आहेत, ती सगळी कधीकाळी कोणाला तरी आवडलेल्या एका रायवळ झाडाचीच पुढे चालत आलेली अंगे आहेत.

दर मे महिन्यात मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश फिरतात. एकात आंबा मुघलांनी दिला असे असते, दुसऱ्यात पोर्तुगीजांनी. दोन्हीत तथ्य नाही. आंबा इथलाच आहे. कलमाची विद्याही कोणा एकाची नाही. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे आणि त्यात एका झाडाची फांदी दुसऱ्यावर जोडून शेणाने लिंपायची रीत आहे. बाराव्या शतकात सेव्हिल शहरातल्या इब्न अल-अव्वाम यांनी शेतीवर मोठा अरबी ग्रंथ लिहिला, त्यातही कलमांचा विस्ताराने विचार आहे. दोघांमध्ये हजारो मैलांचे आणि काही शतकांचे अंतर. हातात सुरी आणि समोर आवडते झाड असले की माणूस कुठेही याच वाटेला जातो.

बाबराने आपल्या आत्मचरित्रात आंब्याबद्दल लिहिले आहे. चांगला असेल तर फारच चांगला, पण पुष्कळ खाल्ले तरी अव्वल दर्जाचे थोडेच निघतात, अशी त्याची तक्रार. खायच्या दोन पद्धतीही त्याने नोंदवल्या. एक, फळ माचून वर भोक पाडायचे आणि रस चोखायचा. दुसरी, साल काढून खायचे. आजही आपण चोखायचा आणि कापायचा असेच दोन भाग करतो. बाबराची तक्रारही खरी होती. तेव्हाचे आंबे बहुतांशी रायवळ असणार, आणि रायवळचा नियमच असा की शंभर झाडांत पाचदहा नावाजण्यासारखी निघतात. अकबराने दरभंग्याजवळ लाख झाडांची बाग लावल्याचे सांगतात, तिला लाखी बाग म्हणत. आकडा खरा असो वा कौतुकाचा, पाचदहा चांगली झाडे मिळवायला शेकडो लावावी लागतात हे त्या बादशाही हौसेमागचे साधे गणित आहे.

किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० साली गोवा जिंकला. तिथे पुढे गार्सिया द ओर्ता हा वैद्य स्थायिक झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचे जाणेयेणे होते, अरबी वैद्यकाचा त्याचा अभ्यास होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात आंब्यावर एक संवाद आहे. त्यात मुंबई बेटावरून, त्याच्या कुळाकडून, आंब्यांची टोपली येते. वर्षातून दोनदा फळणाऱ्या आपल्या मुंबईच्या झाडाचेही तो कौतुकाने सांगतो. हा ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. तो वारल्यावर बारा वर्षांनी, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. त्याचा ग्रंथ मात्र राहिला.

हापूसच्या नावात अफोन्सो आहे आणि सगळे अल्बुकर्ककडे बोट दाखवतात. पण दारा शिकोहच्या तोफखान्यात नोकरी केलेल्या निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने गोव्यातल्या उत्तम आंब्यांची यादी दिली आहे, आणि त्यात 'निकोलाव अफोन्सो' नावाचा आंबा आहे. म्हणजे हे नाव गव्हर्नरचेच असेल असे धरून चालण्याचे कारण नाही. एखाद्या साध्या बागवाल्याचेही असू शकते. त्या यादीतल्या बाकीच्या नावांपैकी किती आज गोव्यातल्या बाजारात ऐकू येतात? मानकुराद, मुसराद ही पोर्तुगीज वळणाची नावे आज टिकून आहेत ती लोक त्यांची कलमे करत राहिले म्हणून. ज्याचे कलम थांबले त्याचे नाव कागदावर उरले.

केसरची गोष्ट तर अगदी अलीकडची. जुनागढच्या वजीर सालेभाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंब्याची कलमे १९३१ साली गिरनारच्या पायथ्याशी लावली गेली. १९३४ साली नवाब महाबतखानांनी फळाचा केशरी गर पाहून त्याला केसर म्हटले. आज मराठवाड्यातला शेतकरी केसर लावतो तेव्हा तेच कलम पुढे नेतो.

इथपर्यंतचा इतिहास नावांचा आहे. नवाब, गव्हर्नर, प्रवासी यांनी ज्यांना नाव दिले ते आंबे. पण माझे खरे काम ज्यांना असे कोणी भेटले नाही त्यांच्यात आहे. गेली काही वर्षे मी आमच्या मोहल्ल्यातल्या आणि शेजारच्या वाडीतल्या जुन्या रायवळ झाडांची वही ठेवतो.

त्यांना नावे नाहीत असे नाही. आमच्या दादीला परसातली, मळ्यातली आणि कब्रस्तानच्या कडेची सगळी झाडे नावाने माहीत होती. खोबऱ्या म्हणजे घट्ट, खोबऱ्यासारख्या गराचा. शेप्या म्हणजे शेपूचा वास येणारा. केळ्या लांबट, शेंदऱ्या लाल, साखऱ्या गोड, बिटकी लिंबाएवढी. लोणच्याला कुठल्या झाडाची कैरी, आंबापोळीला कुठला रस, सुक्या जवळ्यात टाकायला कुठली आंबट कैरी, हे ठरलेले असे. हे ज्ञान बायकांचे होते आणि ते कोणी लिहिले नाही. दादी गेल्यावर आमच्या घरात अर्धी नावे कोणालाच सांगता येईनात.

ओळख पटवायला नाव पुरत नाही, कारण एका वाडीचा खोबऱ्या दुसरीचा नसतो. म्हणून मी प्रत्येक झाडाच्या त्याच खुणा लिहितो. नवी पालवी तांबूस की फिकट हिरवी. जून पान चुरगळल्यावर येणारा वास. पानाची कड सरळ की लहरी. फळाचे खांदे समान की एक वर चढलेला. टोकाला पायरीसारखी चोच आहे की नाही. आढीत किती दिवसांनी पिकतो, पिकल्यावर सालीचा रंग बदलतो की नाही. शेवटी कोय धुऊन वाळवतो आणि तिच्यावर धागे किती ते पाहतो. एका हंगामावर विश्वास ठेवत नाही, निदान दोन हंगाम पाहतो. मग शेजारपाजारच्या वयस्क माणसांना फळ चाखायला देतो. वहीत न सापडलेले नाव पुष्कळदा जिभेवर सापडते.

घाई आहे, कारण झाडे जात आहेत. रस्ता रुंद होतो, वाटण्या होतात, लाकडाचा ठेकेदार रोख पैसे देतो. रायवळचे फळ पेटीत जात नाही, म्हणून झाडाची किंमत फक्त लाकडाची होते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडचा जुना शेप्या रस्त्यासाठी जाणार असे कळले. वाडीतले कलमे बांधणारे एक काका पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्याबरोबर आले. शेंड्याकडच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या त्यांनी निवडल्या, त्यांची पाने आठवडाभर आधी देठ ठेवून कापली, म्हणजे डोळा फुगतो. मग नुकत्या रुजलेल्या कोयींच्या कोवळ्या, तांबूस रोपांवर पाचर देऊन काड्या बसवल्या आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधल्या. बारा बांधली, सात जगली. झाड पुढच्या उन्हाळ्यात तोडले गेले. सातपैकी दोन रोपे काकांच्या परसात आहेत, एक कब्रस्तानच्या कुंपणाशी, बाकीची ज्यांनी मागितली त्यांच्याकडे. झाडाचे फळ माणूस, पाखरू, जनावर कोणीही खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, ही हदीस आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेली. काकांनी ती ऐकली आणि म्हणाले, आमच्याकडेही असेच सांगतात.

काम करताना काकांनीच एक गोष्ट लक्षात आणून दिली. कोयकलमाला खाली रोप लागते ते रायवळच्या कोयीचे. हापूसच्या बागेत उभे राहा, वर हापूस दिसतो, मातीत मात्र रायवळ असतो. भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळाले ते हापूसला. त्यात गैर काही नाही, पण पाणी शोधणारी, खडकात शिरणारी मुळे त्या बिननावाच्या झाडांची आहेत. रायवळ संपला तर त्याच्या कोयी तरी कुठून आणणार?

मुसलमान म्हणून इतिहासात आपले नाव शोधायची आपल्याला सवय लागली आहे, कारण ते वारंवार पुसले जाते. केसरच्या गोष्टीतला नवाब आणि वजीर सांगावेत, जरूर सांगावेत. पण आपल्या वाडीतला इतिहास नवाबाच्या नावाने मिळणार नाही. तो घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावा लागतो. या मेमध्ये तिला घेऊन परसात एक फेरी मारा. प्रत्येक झाडाचे नाव, ते कोणी लावले, त्याचे काय करत, एवढे लिहून घ्या. आणि पाऊस सुरू झाला की त्यातल्या एका तरी झाडाची काडी काढून द्या. लिहायचे कलम आणि लावायचे कलम, दोन्ही लागतील. नुसत्या वहीतल्या नावाला फळ धरत नाही, आणि नाव विसरलेले झाड लाकडाच्या भावाने जाते.