हिवाळी गृहसिद्धता, काश्मीरमधील

काश्मीर खोऱ्यातील कुटुंबांनी हिमवर्षावाचे महिने निभावून नेण्यासाठी शरद ऋतूत करावयाची घराची डागडुजी आणि अन्नधान्य व जळण यांची बेगमी. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सु. १,५८५ मी. उंचीवर असून ऐन हिवाळ्यात तेथील रात्रीचे तापमान बहुधा गोठणबिंदूखाली असते. लोकव्यवहारात या थंडीचे तीन भाग मानतात : २१ डिसेंबरपासूनचा चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’, त्यानंतरचा वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि अखेरचा दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. फार्सीत ‘चिल्ला’ म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. सभोवतालच्या पर्वतांतील खिंडी बर्फाने बंद झाल्या, की खोऱ्याचा बाहेरच्या प्रदेशाशी संबंध तुटत असे. त्यामुळे शरदातील या तयारीवर कुटुंबाचे जीवित अवलंबून राही.

घराची रचना व डागडुजी : काश्मीरवर १५४०–५१ या काळात सत्ता गाजविणाऱ्या मिर्झा हैदर दुघलातने आपल्या तारीख-इ-रशीदी या ग्रंथात श्रीनगरातील लाकडी, अनेकमजली घरांचे वर्णन केले आहे. पुढील काळातील घरांत दोन पद्धती प्रामुख्याने आढळतात. ‘ताक’ पद्धतीत विटांचे जाड खांब मजल्यामजल्यावर लाकडी तुळयांनी बांधून घेतात. ‘धज्जी-देवारी’ पद्धतीत लाकडी चौकटीच्या लहान कप्प्यांत विटा किंवा दगड मातीत बसवितात. छपरावर भूर्जवृक्षाच्या सालीचे थर देऊन त्यांवर माती पसरीत. साल पाणी झिरपू देत नसे व माती ऊब टिकवी. वसंतात अशा छपरांवर फुले उमलत. विसाव्या शतकात त्यांची जागा जस्तलेपित पत्र्याच्या उतरत्या छपरांनी घेतली. त्यांवरून बर्फ सहज घसरतो. तथापि पत्रा ऊब राखीत नाही.

हिवाळ्यापूर्वी छपराची दुरुस्ती करून भिंतींच्या भेगा मातीने लिंपीत. ‘पिंजराकारी’च्या जाळीदार खिडक्यांवर कागद चिकटवीत, त्यामुळे वारा अडे, पण उजेड आत येई. वसंतात हा कागद काढून टाकीत. जमिनीवर गवत पसरून त्यावर ‘वगुव’ ही लव्हाळ्याची चटई व ऐपतीप्रमाणे नमदे अंथरीत. काश्मीरचा जमाबंदी आयुक्त वॉल्टर लॉरेन्स याच्या १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून खेड्यांतील घरांची व्यवस्था कळते. तळमजल्यावर गुरे बांधीत आणि त्यांच्या अंगची ऊब घराला मिळे. मेंढ्या कोंडण्याच्या लाकडी कप्प्यावरची जागा घरात सर्वांत उबदार म्हणून तेथे पाहुण्याला निजवीत.

अन्नाची बेगमी : उन्हाळ्याच्या अखेरीपासून भाज्या कापून, दोऱ्यात ओवून उन्हात वाळविल्या जातात. या सुक्या भाज्यांना ‘होख स्यून’ म्हणतात. त्यांत दुधी भोपळा, वांगी, टोमॅटो, सलगम इत्यादींचा समावेश होतो. मासेही वाळवून ठेवतात. सलगम, मुळा यांसारखी कंदमुळे अंगणातील खड्ड्यात पुरून ताजी राखीत. तांबड्या मिरच्यांच्या माळा घरांच्या दर्शनी भागी टांगलेल्या दिसतात. भात लाकडी कोठारांत साठवीत. ही कामे बहुतांशी स्त्रियाच करीत आल्या आहेत.

इंधन व ऊब : शरदात गळलेली चिनाराची पाने झाडून गोळा करतात, पेटवितात व पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करतात. हा कोळसा ‘कांगडी’साठी वापरतात. कांगडी म्हणजे वेताप्रमाणे विणलेल्या काटक्यांच्या टोपलीत बसविलेले मातीचे निखारापात्र. ती ‘फेरन’ या पायघोळ झग्याच्या आत धरून अंग शेकतात. चरार-इ-शरीफ व बांदिपूर येथील कांगड्या प्रसिद्ध आहेत. संस्कृत ‘काष्ठांगारिका’ या शब्दापासून हे नाव आले असावे, असे एक मत आहे. संपन्न घरांत व मशिदींत ‘हमाम’ असे. त्यात दगडी फरशीखालच्या पोकळीत लाकूड जाळून खोली तापवितात व त्याच उष्णतेवर तांब्याच्या हंड्यातील पाणी ऊन होते.

कांगडीची उपयुक्तता धोक्यापासून मुक्त नव्हती. पोट व मांड्या यांची कातडी वर्षानुवर्षे भाजत राहिल्याने होणाऱ्या कर्करोगाकडे डॉ. विल्यम एल्म्स्ली याने १८६६ मध्ये लक्ष वेधले, पुढे डॉ. अर्नेस्ट नेव्ह याने त्याचा अभ्यास केला. बंद खोलीत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायूही प्राणघातक ठरतो.

ऐतिहासिक स्थित्यंतर : १८७७ च्या शरदातील सततच्या पावसाने भातपीक कुजले आणि सारा धान्यरूपाने वसूल करण्याच्या पद्धतीमुळे कापणीस विलंब होऊन हानी वाढली. कोठारे रिकामी असतानाच हिवाळा आला. १८७७–७९ च्या या दुष्काळात श्रीनगरची लोकसंख्या सु. निम्म्यावर आली, असा अंदाज नोंदलेला आहे. डोग्रा दरबार १८७२ पासून हिवाळ्यात जम्मूस जाई. प्रजेला मात्र घरातील साठ्यावरच गुजराण करावी लागे.

झेलम खोऱ्यातील गाडीरस्ता १८८९ मध्ये बारामुल्लापर्यंत आला, तर बनिहालमार्गे जाणारा रस्ता १९२२ मध्ये सर्वांस खुला झाला. १९४७ नंतर झेलमचा मार्ग बंद पडला. डिसेंबर १९५६ मध्ये खुल्या झालेल्या जवाहर बोगद्यामुळे हिवाळी वाहतूक शक्य झाली. खोऱ्याचा देशाच्या लोहमार्गाशी सलग जोड जून २०२५ मध्ये साधला गेला. बाजारात बाराही महिने भाजी मिळू लागली, स्वयंपाकाचा वायू व विजेची उपकरणे घरोघरी आली. तरीही दरडी कोसळून महामार्ग बंद पडला किंवा वीज खंडित झाली, की सुक्या भाज्या व कांगडी यांचाच आधार घ्यावा लागतो.

८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात उरी व तंगधार या भागांतील हजारो घरे कोसळली. हिवाळा तोंडावर असताना निवाऱ्याबरोबर साठविलेले धान्य व जळणही गाडले गेले आणि अनेक कुटुंबांना तो हिवाळा पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत काढावा लागला. धज्जी-देवारी पद्धतीच्या घरांची पडझड तुलनेने कमी झाल्याचे नंतरच्या पाहण्यांत आढळून आले. तेव्हापासून या जुन्या बांधणीकडे वास्तुतज्ञांचे लक्ष नव्याने वेधले गेले आहे.