कुचेष्टेची जखम

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर निर्णा हे गाव आहे. या मुलखात कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा कानी पडतात. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, हा अनुभव अशा सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. अशा वर्गात एखाद्या मुलाचा उच्चार चुकला, की मागच्या बाकावरून त्याची नक्कल होते आणि त्याला एक टोपणनाव चिकटते. मोठी माणसे ती गोष्ट हसण्यावारी नेतात. परंतु तीच नक्कल रोज होऊ लागली, करणारे चारचौघे झाले आणि सोसणारा एकटा पडला, म्हणजे थट्टेचा छळ होतो.

हा छळ म्हणजे मुलांचे किरकोळ भांडण नव्हे, त्याची जखम मनाला होते आणि तिच्यावर उपचार असतो, हे माणसाला फार उशिरा उमगले. त्या उमजण्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

अपमानाला शब्द मिळाले आणि ते ऐकून घेणारे कोणी भेटले, की मनावरचा भार हलका होतो, ही जाणीव मात्र जुनी आहे. आजच्या बिदर जिल्ह्यातील कल्याण नगरीत बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या भोवती जे शरण जमले, त्यांत समाजाने हीन लेखलेल्या व्यवसायांतील स्त्रीपुरुषही होते. त्यांनी आपला अनुभव वचनांतून मांडला आणि तो सन्मानाने ऐकला गेला. त्याला मानसोपचार म्हणणे ही ओढाताण होईल. तथापि, १८९५ साली व्हिएन्नात ब्रॉयर आणि फ्रॉइड या दोन डॉक्टरांनी बोलण्याच्या उपचाराविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या मुळाशीही हेच साधे सत्य होते.

हे शास्त्र मुलांपर्यंत पोहोचले ते विसाव्या शतकात. १९०९ मध्ये शिकागो येथे विल्यम हीली यांनी गुन्हेगार ठरलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. ‘हे मूल वाईट आहे काय?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘या मुलावर काय प्रसंग गुदरला आहे?’ असे त्यांनी विचारले. त्याच विचारातून बालमार्गदर्शन केंद्रे निघाली. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय स्थापन झाले आणि पुढल्याच वर्षी त्याने असे केंद्र उघडले. मूल, आईबाप आणि शिक्षक यांचा एकत्र विचार करावा, ही रीत अशा केंद्रांतून रुजली.

शाळेतल्या छळाकडे शास्त्राचे स्वतंत्र लक्ष वळले ते स्कँडिनेव्हियात. १९७० च्या दशकात डॅन ओल्वेयस यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातील तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सवंगड्यांचा छळ हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे दिसताच सारा देश हादरला आणि १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गन येथे ४२ शाळांतील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांवर ओल्वेयस यांनी तिचा परिणाम तपासला, तेव्हा छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. उपचार एकट्या पीडित मुलावर न होता साऱ्या शाळेवर झाला होता, हे त्या यशाचे मर्म होय.

छळाच्या प्रसंगात छळणारा, सोसणारा आणि पाहणारा असे तीन पक्ष असतात. मानसोपचाराला या तिघांकडेही पाहावे लागते. सोसणारे मूल हळूहळू ‘माझ्यातच काही खोट असली पाहिजे’ असे मानू लागते. १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी आणि १९६० च्या दशकात एरन बेक यांनी विचारांची तपासणी करणारी जी उपचारपद्धती घडविली, ती नेमकी या समजुतीला हात घालते. पुराव्याने ती समजूत खोडावयाची, भीतीला पायरीपायरीने सामोरे जावयाचे, मदत मागण्याचे शब्द शिकवावयाचे, असा तिचा क्रम असतो. छळणाऱ्या मुलाला राग आवरण्याचे आणि दुसऱ्याचे दुःख ओळखण्याचे शिक्षण द्यावे लागते. पुष्कळदा त्याच्या घरचा मार आणि धाकही पाहावा लागतो. मात्र अशा मुलांना एकत्र बसवून उपदेश केला, तर ती एकमेकांना फूस देण्याचा संभव असतो. दोघांना समोरासमोर आणून सक्तीने समेट घडविणेही घातक ठरते, कारण तेथे बळ सारखे नसते. आणि पाहणारा एक जरी सोसणाऱ्याच्या बाजूस जाऊन उभा राहिला, तरी छळाची मौज ओसरते.

उपेक्षेची किंमत केवढी, हे १९१३ नव्हे तर अगदी अलीकडे, २०१३ साली अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले. तेथे १,४२० मुलांची बालपणापासून तारुण्यापर्यंत नोंद ठेवली होती. छळ सोसलेल्यांत मोठेपणी चिंतेचे विकार अधिक आढळले. ज्यांनी छळ सोसलाही आणि केलाही, त्यांची अवस्था सर्वांत बिकट होती.

तथापि उपचारालाही मर्यादा आहे. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसेल तर तहानलेले राहावे लागे. तेथे दोष मुलाच्या मनात नव्हता. तो समाजाच्या व्यवस्थेत होता. अशा ठिकाणी मुलाला धीर देऊन व्यवस्था तशीच ठेवणे हा उपचार नव्हे. म्हणूनच कायद्याची जोड लागते. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करून दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. कायदा हात रोखतो. जखम भरून काढण्याचे काम मात्र मनाच्या वैद्याचे.

तो वैद्य खेड्यापर्यंत कसा पोहोचावयाचा? या प्रश्नाचे एक उत्तर कर्नाटकातच मिळाले आहे. १९८० च्या दशकात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व सेवकांना मानसिक आजारांवरील प्राथमिक उपचारांचे शिक्षण दिले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कानडी व मराठीसह अनेक भाषांतून विनामूल्य सल्ला मिळतो.

सीमेवरच्या मुलाला याचा अर्थ मोठा आहे. ज्या बोलीची वर्गात नक्कल झाली, त्याच बोलीत त्याला आपले दुःख सांगता येते. परंतु क्रमांक फिरविण्यापूर्वी घरातल्या वा शाळेतल्या कोणा वडीलधाऱ्याने ‘काय झाले, बाळ?’ असे विचारून शेवटपर्यंत ऐकून घेतले पाहिजे. साऱ्या उपचाराचा आरंभ तेथे होतो.